पार्श्वभूमी : एका वजाबाकीचा इतिहास

मराठी समीक्षेत ‘पार्श्वभूमी’ हा शब्द ज्या निर्धास्तपणे वापरला जातो तसा दुसरा एखादा क्वचितच वापरला जात असेल. ‘कादंबरीची सामाजिक पार्श्वभूमी विशद करा’ असा प्रश्न आम्हीच काढतो, आणि उत्तरपत्रिकेचे पहिले दीड पान त्यात खर्ची पडले की विद्यार्थी व परीक्षक दोघेही सुटकेचा निःश्वास टाकून कथानकाकडे वळतात. पार्श्वभूमी म्हणजे जे आधीपासूनच तेथे आहे ते. ते कोणी ठरवले, केव्हा ठरवले, असे विचारण्याचे कारण नाही, असा एक अलिखित समज या व्यवहारामागे असतो.

यंत्राच्या बाबतीत मात्र हा निर्धास्तपणा चालत नाही. चलच्चित्रातील हलणारी वस्तू तिच्या भोवतालापासून आपोआप वेगळी काढायची असेल, तर भोवताल म्हणजे काय हे यंत्राला अक्षरशः आकड्यांत सांगावे लागते. संगणकशास्त्रात या प्रक्रियेला जे नाव आहे त्याचा सरळ अर्थ ‘पार्श्वभूमीची वजाबाकी’ असा होतो: चित्रातून पार्श्वभूमी वजा करा, उरेल तो प्रसंग. वजाबाकीची ही कल्पना संगणकाहून बरीच जुनी आहे, आणि तिचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनी वाचावा असा आहे, असे आम्हांला वाटते. कारण त्यात पार्श्वभूमी ‘असत’ नाही. प्रत्येक टप्प्यावर ती कोणीतरी घडवलेली असते.

आरंभ छायाचित्रापासून करावा लागतो. १८३८ मध्ये लुई दागेर याने पॅरिसमधील बुलव्हार द्यु तांपल्‌ या गजबजलेल्या रस्त्याचे उंचावरील खिडकीतून चित्र घेतले. प्लेटवर प्रतिमा उमटायला तेव्हा काही मिनिटे लागत. त्या मिनिटांत रस्त्यावरून घोडागाड्या गेल्या असतील, माणसे गेली असतील; त्यांपैकी कोणीही प्लेटवर नाही. घरे आहेत, झाडे आहेत, दिव्यांचे खांब आहेत, आणि एका कोपऱ्यात एकच माणूस आहे, जो बूट पुसून घेण्यासाठी एक पाय उंचावर ठेवून उभा राहिला होता. बूट पुसणाराही तेथे आहे, पण हात हलत असल्यामुळे तो धूसर झाला आहे. टेलिग्राफचा जनक सॅम्युअल मोर्स याने १८३९ मध्ये पॅरिसमध्ये हे चित्र पाहिले आणि मायदेशी धाडलेल्या पत्रात रस्त्याचे ते रितेपण व तो एकटा माणूस यांची आवर्जून नोंद केली. छायाचित्रात माणूस दिसल्याचे हे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण मानले जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दागेरच्या प्लेटने जगाची वजाबाकीच केली होती, पण उलट दिशेने: हलणारे सगळे वजा झाले आणि स्थिर तेवढे उरले. रसायनांनी रस्त्याचा जणू सरासरी काढला. जे दीर्घकाळ एका जागी होते त्याला अस्तित्व मिळाले, जे आले आणि गेले त्याला मिळाले नाही. आणि ज्याच्या श्रमामुळे तो पहिला माणूस स्थिर उभा राहिला, तो श्रमिक श्रम करीत असल्यामुळेच पुसट झाला. या तपशिलावर वाजवीपेक्षा जास्त रेंगाळण्याचा मोह आवरता घेतो. पुढे त्याची गरज पडणार आहे.

दागेरच्या नेमके उलट काम करण्याचा ध्यास एत्येन-ज्यूल मारे (१८३०–१९०४) या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने घेतला. त्याला गती हवी होती. नाडीचे ठोके, पक्ष्यांच्या पंखांची फडफड, घोड्याची चाल यांचे आलेख काढणारी उपकरणे त्याने आधीच बनवली होती. १८८२ मध्ये त्याने सेकंदाला १२ चित्रे टिपणारी ‘छायाचित्र-बंदूक’ तयार केली, आणि त्याच वर्षी पॅरिसच्या सीमेवर बुलोन्यच्या वनाजवळ त्याचे ‘शारीरक्रिया केंद्र’ उभे राहिले. मारेची पद्धत अशी होती: एकच प्लेट, तिच्यासमोर खाचा असलेली फिरती तबकडी, आणि खाच समोर येईल त्या प्रत्येक क्षणी त्याच प्लेटवर पुन्हा एक प्रतिमा. धावणाऱ्या माणसाच्या दहा अवस्था एकाच काचेवर शेजारी शेजारी उमटाव्यात, असा हेतू.

अडचण पार्श्वभूमीची होती. माणूस पुढे सरकतो, पण त्याच्या मागची भिंत जागची हलत नाही. दहा वेळा तीच भिंत त्याच जागी उमटली तर प्लेट पांढरीफटक होऊन जाईल. तेव्हा भिंत नाहीशी करणे भाग होते. केवळ काळा रंग पुरत नाही, कारण उन्हात काळा रंगही थोडा प्रकाश परतवतोच. रसायनशास्त्रज्ञ शेव्रलने दाखवून दिले होते की, आतून काळ्या केलेल्या पेटीचे भोक हे कोणत्याही काळ्या रंगापेक्षा अधिक काळे असते. मारेने तशी एक अवाढव्य पेटीच बांधली: समोरून उघडी, खोल, आतून काळी, मागच्या भिंतीला काळी मखमल लावलेली पडवी. तिच्यासमोरून पांढऱ्या कपड्यांतला माणूस धावे. प्लेटवर फक्त तो उमटे. बाकी जग शून्य.

ही इतिहासातील पहिली पद्धतशीर वजाबाकी म्हणता येईल, आणि ती गणिताने नव्हे तर सुतारकामाने व मखमलीने केलेली होती. पण गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. चित्रांची संख्या वाढवताच धावणाऱ्याच्या लागोपाठच्या आकृती एकमेकींवर चढू लागल्या, तेव्हा मारे व त्याचा साहाय्यक जॉर्ज देमनी यांनी माणसाला डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत गुंडाळले आणि हातापायांवर चमकत्या पट्ट्या व सांध्यांवर चमकते ठिपके तेवढे लावले. आता शरीरही पार्श्वभूमीत गेले. उरल्या त्या रेषा: चालण्याचा निव्वळ आलेख, ज्यात चालणारा नाही. ही चित्रे पाहताना थक्क व्हायला होते, पण सौंदर्याने दिपून जाताना हेही विसरता कामा नये की, या अभ्यासात कवायत, व्यायाम आणि सैनिकांची कूच यांच्या सुधारणेचा हेतू होता. वजाबाकी कधी अहेतुक नसते.

मारेचा समकालीन एडवर्ड मायब्रिज याने १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे १२ कॅमेरे रांगेत मांडून घोड्याच्या दौडीची चित्रे घेतली. त्याने पार्श्वभूमी नाहीशी केली नाही; तिचे मोजपट्टीत रूपांतर केले. घोड्यामागे पांढरा पडदा होता आणि त्यावर क्रमांक टाकलेल्या उभ्या रेषा. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात केलेल्या आणि १८८७ मध्ये ७८१ चित्रपत्रांच्या रूपाने प्रकाशित झालेल्या कामात अनेक ठिकाणी मागे काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या दोऱ्यांची जाळी दिसते. अशी चौकटींची पार्श्वभूमी त्या काळातील मानववंशशास्त्राचीही आवडती होती. अंदमानात मॉरिस व्हिडाल पोर्टमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८९० च्या दशकात तेथील आदिवासींची छायाचित्रे काळ्यापांढऱ्या चौकटींच्या पडद्यासमोर उभे करून घेतली. जंगल मागे नको होते. १८९५ मध्ये पॅरिसच्या पश्चिम आफ्रिका प्रदर्शनात आणलेल्या माणसांच्या हालचाली फेलिक्स-लुई रेन्यो याने मारेच्या पद्धतीने टिपल्या. त्यांत मडके घडवणारी एक वोलोफ स्त्री होती. तिचे चालणे, वाकणे, हातांची लय हे सारे ‘वंशा’चा पुरावा म्हणून नोंदले गेले. तिचे गाव, तिची भाषा, तिला तेथे कोणी आणले, ही सगळी वजा झालेली पार्श्वभूमी.

सिनेमाने याच युक्त्या घेतल्या, पण करमणुकीसाठी. जॉर्ज मेलिएसने १८९८ मध्येच काळ्या पडद्यापुढे पुनःपुन्हा चित्रण करून स्वतःचे मुंडके धडावेगळे करून दाखवले होते. आपल्याकडे दादासाहेब फाळके छायाचित्रण, मुद्रण आणि ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने केलेले जादूचे प्रयोग अशी तिहेरी शिदोरी घेऊन सिनेमात उतरले. त्यांच्या पौराणिक पटांतील चमत्कार एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करण्याच्या या कसबाशिवाय शक्य नव्हते. १९१८ मध्ये फ्रँक विल्यम्सला अमेरिकेत ‘सरकत्या मुखवट्या’चे पेटंट मिळाले: काळ्या पडद्यापुढे नट हलतो, त्याच्या आकृतीची छायारेखा दर चौकटीत नव्याने तयार होते आणि तिच्या आधारे तो दुसऱ्याच दृश्यावर बसवला जातो. १९३३ च्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’मध्ये नटाला काळी मखमल घालून काळ्या मखमलीपुढे उभे करण्यात आले आणि त्यावर साधे कपडे चढवले, पडद्यावर कपडे चालू लागले, माणूस नाही. मारेच्या काळ्या वेषातला धावपटू असा हॉलिवुडात पोहोचला. पुढे रंग आला. त्वचेत निळा अंश कमी असतो म्हणून निळा पडदा पुढे आला. लॅरी बटलरने तो १९४० च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये वापरला, आणि पेट्रो व्लाहोसने १९५९ च्या ‘बेन-हर’साठी ती रीत इतकी सुधारली की, केसांच्या बटा, धूर, काच हे अर्धपारदर्शक पदार्थही सुटे करता येऊ लागले.

या साऱ्या पद्धतींना एकच अट होती. पार्श्वभूमी आधी बांधावी लागे. पण रस्ता बांधून मिळत नाही. रस्त्यावर मखमल टांगता येत नाही.

हा प्रश्न संगणकाच्या हाती जाण्यापूर्वी एका बेडकाकडे वळले पाहिजे. १९५९ मध्ये लेटविन, मातुराना, मॅक्कलक आणि पिट्स या चौघांनी बेडकाचा डोळा त्याच्या मेंदूला काय सांगतो, याविषयीचा एक निबंध प्रसिद्ध केला. शास्त्रीय निबंधांत इतके चांगले शीर्षक आणि इतके चांगले गद्य क्वचित आढळते. त्यांनी दाखवले की बेडकाच्या दृष्टिपटलातील काही तंतू फक्त लहान, गडद, हलत्या वस्तूलाच प्रतिसाद देतात. परिणामी, भोवती ताज्या मेलेल्या माश्यांचा खच पडला तरी बेडूक उपाशी मरेल; त्याच्या लेखी न हलणारी माशी माशीच नव्हे. आपणही त्या बेडकाहून फार वेगळे नाही. १८०४ मध्येच स्विस वैद्य त्रोक्सलरने नोंदवले होते की, एका बिंदूवर नजर रोखून धरली तर कडेच्या स्थिर आकृती हळूहळू विरून जातात. १९५० च्या दशकात असेही सिद्ध झाले की, डोळ्याच्या सूक्ष्म थरथरीवर मात करून प्रतिमा दृष्टिपटलावर पूर्ण स्थिर धरली तर ती काही क्षणांत दिसेनाशी होते. थोडक्यात, वजाबाकी आपल्या देहातच आहे. जे बदलत नाही ते आपल्याला दिसत नाही. पंखा बंद पडला की मगच त्याचा आवाज होता हे कळते.

संगणकाला चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता. प्रत्येक ठिपक्याला, म्हणजे पिक्सेलला, ० ते २५५ मधला एक आकडा: शून्य म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. लागोपाठची दोन चित्रे घ्या, आकड्यांतून आकडे वजा करा, फरक मोठा असेल तेथे हालचाल. १९७० च्या दशकातली ही रीत सोपी आहे आणि म्हणूनच लंगडी आहे. एकरंगी शर्ट घातलेला माणूस किंचित सरकला तर शर्टाच्या मधल्या भागात फरकच पडत नाही. यंत्राला माणसाची फक्त किनार दिसते, आतून तो पोकळ. १९७९ मध्ये रमेश जैन आणि हान्स-हेल्मुट नागेल यांचा महत्त्वाचा निबंध आला. (जैन १९६९ मध्ये नागपूर विद्यापीठातून अभियांत्रिकीचे पदवीधर झाले आणि नंतर खरगपूरच्या आयआयटीत त्यांनी पीएच.डी. केली; संगणकीय दृष्टीच्या इतिहासात हा विदर्भाचा धागा आहे, तो मराठी वाचकाला ठाऊक असावा.) दोनच चित्रांवर विसंबण्याऐवजी त्यांनी एक संदर्भचित्र धरले, पुढच्या अनेक चित्रांचे त्याच्याशी असलेले फरक साठवत नेले, आणि त्या साठ्यावरून काय हलते व काय नाही याचा निवाडा केला. स्मृतीचा प्रवेश झाला तो असा.

मात्र संदर्भचित्र आणायचे कोठून? ज्यात कोणीही नाही असा रस्ता भर दिवसा मिळत नाही. त्यावरचे उत्तर दागेरला रसायनांनी फुकटात दिले होते, ते आता अंकगणिताने दिले: शेकडो चित्रांत प्रत्येक पिक्सेलची सरासरी किंवा मध्यमूल्य काढा. गाड्या येतील-जातील, रस्ता मात्र बहुतेक वेळ रस्ताच असेल. पुरेसा काळ पाहिले की गर्दी आपोआप पुसली जाते आणि रिता रस्ता उरतो. तोच बुलव्हार द्यु तांपल्‌, फक्त आता तो अंतिम चित्र नसून वजा करण्याची रक्कम आहे.

१९९७ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमधील रेन, पेंटलंड आदींनी ‘पी-फाइंडर’ ही प्रणाली मांडली. तीत प्रत्येक पिक्सेलसाठी केवळ एक सरासरी नव्हती, तर त्या सरासरीभोवती किती चढउतार नेहमीचा मानायचा याचेही माप होते. खोलीत हे उत्तम चालले. खोलीबाहेर पडल्यावर झाडे आडवी आली. वाऱ्याने हलणाऱ्या फांदीमागचा एखादा पिक्सेल घ्या: तो घटकेत पान असतो, घटकेत आकाश, घटकेत डहाळी. त्याची सरासरी म्हणजे पान व आकाश यांच्या मधला एक असा रंग, जो तेथे कधीच नसतो. सरासरी माणूस कोठेच भेटत नाही, असे आपण समाजशास्त्रज्ञांना ऐकवत असतो. संगणकशास्त्रज्ञांना ते झाडाने ऐकवले. त्याच वर्षी फ्रीडमन आणि रसेल यांनी वाहतुकीच्या चित्रणासाठी एकाच पिक्सेलला रस्ता, सावली आणि वाहन अशा तीन ओळखी बहाल केल्या. १९९९ मध्ये एमआयटीतील ख्रिस स्टॉफर आणि एरिक ग्रिमसन यांनी ही कल्पना सर्वसाधारण केली: प्रत्येक पिक्सेलपाशी तीन ते पाच स्मृती ठेवा. जी स्मृती वारंवार खरी ठरते आणि फारशी डळमळत नाही, ती पार्श्वभूमीची. जी नवी, विरळ किंवा चंचल, ती प्रसंगाची. पान, आकाश आणि डहाळी तिन्ही पार्श्वभूमी असू शकतात. पाऊस, बर्फ, ढगांच्या सावल्या झेलत ही प्रणाली वर्षाहून अधिक काळ अखंड चालवली गेली, आणि पुढची किमान दहा वर्षे या क्षेत्रातला प्रत्येक संशोधक तिच्याशीच बरोबरी करू पाहत होता.

आता जो मुद्दा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो येथे येतो. स्मृती सतत ताजी ठेवावी लागते, कारण ऊन सरकते, दिवे लागतात, गाडी येऊन थांबते. म्हणून दर नव्या चित्रासोबत जुन्या स्मृतीत नव्याचा थोडासा अंश मिसळला जातो. हा अंश किती, हे एका आकड्याने ठरते. त्याला शिकण्याचा दर म्हणतात. समजा तो ०.००५ आहे, म्हणजे दर चित्रागणिक जुने ९९.५ टक्के आणि नवे अर्धा टक्का. ढोबळ हिशेब करून पाहिला तर सुमारे १३९ चित्रांत स्मृती अर्धीअधिक नव्याने व्यापली जाते. सेकंदाला २५ चित्रे धरली तर साडेपाच सेकंद. दर ०.०००५ केला तर पंचावन्न सेकंद. एका शून्याचा फरक. एखादा माणूस चौकात येऊन उभा राहिला, तर तो माणूस म्हणून किती काळ गणला जाईल आणि कोणत्या क्षणापासून खांबासारखा, भिंतीसारखा परिसराचा भाग होईल, हे त्या शून्यावर अवलंबून आहे. तो आकडा निसर्गातून येत नाही. प्रयोगशाळेत बसलेला कोणीतरी तो घालतो, बहुधा करून पाहत, ‘आमच्या चित्रणावर हा बरा चालला’ एवढ्या आधाराने.

संशोधकांना याची जाणीव नव्हती असे नाही. १९९९ मध्येच मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील टोयामा आणि सहकाऱ्यांनी ‘वॉलफ्लॉवर’ नावाचा निबंध लिहिला. नाचाच्या समारंभात भिंतीला टेकून बसलेल्या, कोणी नाचायला न बोलावलेल्या व्यक्तीला इंग्रजीत वॉलफ्लॉवर म्हणतात. या निबंधात पार्श्वभूमी सांभाळण्यातल्या अडचणींना नावे दिली आहेत, आणि ती एखाद्या कथासंग्रहाच्या अनुक्रमणिकेसारखी वाटतात: हलणारी झाडे, सावल्या, दिव्याचे बटण, दिवसाची वेळ, निद्रिस्त माणूस, जागा झालेला माणूस. निद्रिस्त माणूस म्हणजे जो आला आणि निश्चल झाला. तो कालांतराने पार्श्वभूमीत विरतो. जागा झालेला माणूस म्हणजे जो यंत्र सुरू झाले तेव्हापासून निश्चल होता आणि आता उठून गेला. त्याची गोष्ट अधिक विलक्षण आहे. तो उठतो तेव्हा यंत्राला दोन आकृती दिसतात: एक चालणारा तो स्वतः, आणि दुसरी त्याच्या रिकाम्या जागेची, कारण तेथे आजवर झाकलेली भिंत प्रथमच उघडी पडलेली असते. या दुसऱ्या आकृतीला या शास्त्रात भूत म्हणतात. तो पारिभाषिक शब्द आहे. जो पार्श्वभूमी समजला गेला होता, त्याच्या जाण्याने जागाच आक्रोश करू लागते.

टोयामा आणि सहकाऱ्यांनी सांगितलेले पहिले तत्त्व असे की, वस्तूंतला अर्थाचा भेद करण्याचे काम पार्श्वभूमी सांभाळणाऱ्या घटकाकडे देऊ नये. पिक्सेलच्या पातळीवर झोपलेला माणूस आणि नुकतीच आणून ठेवलेली खुर्ची यांच्यात फरक नसतो, आणि तो असल्याचा आव आणू नये. अभियांत्रिकी दृष्टीने हा विवेक आहे. आम्हांला त्याचे कौतुकच वाटते, कारण समीक्षेत इतका प्रामाणिकपणा दुर्मीळ. एखाद्या मध्यमवर्गीय कादंबरीत भांडी घासणारी बाई पहिल्या प्रकरणापासून शेवटपर्यंत रोज येते, आणि रोज येते म्हणूनच समीक्षकाच्या नजरेतून सुटते. ती एक दिवस आली नाही की मात्र प्रकरण घडते. ‘पार्श्वभूमी’ लिहिताना आपणही शिकण्याचा एक दर धरलेला असतो. फक्त तो आकडा आपण कोठे नोंदवून ठेवत नाही.

हे सारे संशोधन कोणासाठी चालले होते, हेही पाहिले पाहिजे. १९९७ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या दार्पा या संस्थेने चित्रणाद्वारे पाळत ठेवण्याचा एक मोठा प्रकल्प हाती घेतला; कार्नेगी मेलन विद्यापीठ त्यात अग्रभागी होते. मेरिलंड विद्यापीठाच्या एका प्रणालीचे नाव तर कोण, केव्हा, कोठे, काय या अर्थाच्या चार इंग्रजी प्रश्नशब्दांच्या आद्याक्षरावरून ठेवले होते. का, हा प्रश्न त्या नावात नव्हता.

नंतरच्या पद्धतींतील दोनच येथे उल्लेखितो. बेल्जियममधील लिएज विद्यापीठातील बार्निश आणि व्हान ड्रोगेनब्रोक यांनी २००९ पासून मांडलेल्या ‘वाइब’ प्रणालीत प्रत्येक पिक्सेलपाशी जुन्या मूल्यांचे वीसेक नमुने असतात आणि नवे मूल्य आले की जुन्यांपैकी कोणते टाकायचे हे चिठ्ठी टाकून ठरवले जाते. सर्वांत जुने आधी विसरायचे, असा नियम नाही. म्हणून एखादी फार जुनी आठवण योगायोगाने दीर्घकाळ टिकते. मानवी स्मृतीचे इतके विश्वासार्ह वर्णन आम्ही मानसशास्त्राच्या पुस्तकातही वाचलेले नाही. दुसरी पद्धत गणिती आहे. कांदेस, ली, मा आणि राइट यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अख्खे चित्रण एकच मोठी सारणी मानली, आणि तिचे दोन भाग पाडले: जे स्वतःचीच पुनरावृत्ती करते ते, आणि जे विरळ आहे ते. पहिले पार्श्वभूमी, दुसरे घटना. येथे काळाचा क्रमसुद्धा उरत नाही. चित्रे पिसून टाकली तरी उत्तर तेच.

२०१२ मध्ये या पद्धतींची तुलना करण्यासाठी चित्रणांचा एक सामायिक संच तयार झाला आणि त्यातील चित्रांवर माणसांनी हाताने खुणा केल्या: काय स्थिर, काय हलते, सावली कोठे, कोणता भाग विचारात घ्यायचा नाही. याखेरीज एक पाचवी खूण होती, एका करड्या छटेची, जिचा अर्थ ‘सांगता येत नाही’. हलत्या वस्तूंच्या कडा, जेथे शरीर संपते व जग सुरू होते, त्या बहुतांशी या रंगात आहेत. आदर्श उत्तरपत्रिकेत ‘सांगता येत नाही’ला अधिकृत जागा असलेली परीक्षा आमच्या तरी पाहण्यात दुसरी नाही.

२०१६ च्या सुमारास बहुस्तरीय न्यूरल जाळी या क्षेत्रात आली आणि प्रश्नाचे स्वरूपच पालटले. आजवर यंत्र विचारत होते: हे पूर्वी येथे होते का? आता ते विचारते: हे कशासारखे दिसते? लक्षावधी चित्रांवर शिकवलेले जाळे निश्चल माणसालाही माणूस म्हणून सोडवून काढते. २०२० च्या महासाथीत आपण सर्वांनी पडद्यावर शिकवले तेव्हा याचा अनुभव घेतला: मागची खोली धूसर, पुढे शिक्षक स्वच्छ, मग तो कितीही निश्चल बसलेला असो. निद्रिस्त माणसाची अडचण या वाटेने एका फटक्यात सुटली, पण तिच्या जागी दुसरी आली. विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरले की तेच खोलीबरोबर विरून जाई, कारण यंत्राला माणसाची ओळख होती, पुस्तकाची नव्हती. हलते आहे एवढ्यावर आता कोणी अग्रभागी येत नाही. यादीत नाव असावे लागते. बेडकाच्या डोळ्याने नुसत्या हालचालीवर विश्वास ठेवला होता, या डोळ्याने नुसत्या ओळखीवर.

२०२४ मध्ये मेटा कंपनीने प्रसिद्ध केलेली प्रणाली तर निवड आपल्यावरच सोपवते: चित्रातल्या कोणत्याही वस्तूवर एक टिचकी मारा, यंत्र तिला पुढच्या चित्रांतून शोधत, स्मृतीत जपत नेईल. कप, कुत्रा, गर्दीतला एक चेहरा, काहीही. तथापि ज्या कामापासून ही गोष्ट सुरू झाली, म्हणजे कोणीही टिचकी न मारता, रस्त्याच्या चित्रणातून काय हलते ते आपोआप वेगळे करणे, ते पूर्णत्वास गेलेले नाही. सामायिक संचावर जवळपास निर्दोष गुण मिळवणारी अनेक जाळी त्याच चित्रणांतील काही चित्रे पाहून शिकलेली होती. न पाहिलेल्या चित्रणावर त्यांचे गुण घसरतात, आणि त्यामुळे २०२० पासून ‘न पाहिलेली दृश्ये’ हाच वेगळा संशोधनविषय झाला आहे. नव्या चौकात कॅमेरा बसवला की आजही पहिले काही क्षण यंत्र नुसते पाहत राहते, आणि त्या क्षणांत तेथे कोणी निश्चल उभे असेल, तर त्याला ते बहुतेकदा चौकाचाच भाग समजते.